धुळकी गेली म्हणे!

सेर्रो चिन्चाल वेधशाळा, चिली
१७ जुलै २०१७

कोंपाद्रे,

उद्या मंगळवार. तुमची बस वर येणार, माझी खाली उतरणार. त्या वाकड्या वळणावर दोन्ही बसगाड्या एकमेकींना हॉर्न देतील, मी काचेतून हात हलवीन आणि तुम्ही नेहमीप्रमाणे तोंड उघडं टाकून झोपलेले असाल. एक आठवडा तुमचा, एक माझा. टेबल एक, खुर्ची एक, दुर्बीण एक, आणि बोलायला काय, तर या खणातली पत्रं! पण बरं आहे. इंटरनेटवर लिहिलेलं सगळं आपले प्रमुख प्रोफेसर व्हाइडनर यांच्या युरोपातल्या कचेरीतून फिरून येतं, हे तुम्हीच मला शिकवलंत.

कामाचं लिहिते. धुळकी वळली.

आठ वर्षांपूर्वी तुम्ही मला तो ठिपका दाखवलात तेव्हा मी म्हटलं होतं, कॅमेऱ्यावर डाग पडलाय, पुसून घ्या. तुम्ही पोट धरून हसलात. म्हणालात, डाग नाही बाई, धूळ आहे. साध्या दुर्बिणीला ती दिसायची नाही, तिची नुसती ऊब दिसते, तीही अवरक्त कॅमेऱ्याला. आणि ती आकाशगंगेच्या पोटातल्या त्या महाकाय कृष्णविवराभोवती फेऱ्या मारते आहे. नावही तुम्हीच ठेवलंत. गेल्या महिन्यात ती विवराच्या अगदी जवळून गेली, आणि आता पलीकडच्या बाजूला निघाली आहे.

व्हाइडनरसाहेब म्हणतात, धुळकी म्हणजे नुसता ढग, विवराजवळून जाताना चिंध्या होणार. मी म्हणते, आत तारा आहे. त्याने ती धूळ घट्ट धरून ठेवली आहे, काही चिंध्या होत नाहीत. आता निकाल एकाच गोष्टीवर आहे: वळून आल्यावर ती पूर्वीइतकीच उजळ दिसते की नाही.

माझ्या आठवड्यात वारं असं काही सुटलं की घुमट उघडू दिला नाही. तुमच्या आठवड्यात दुर्बिणीची वेळ साहेबांच्या नावावर आहे, ते सांगतील तसं तुम्ही बघायचं. म्हणजे वळल्यानंतरचं पहिलं चित्र तुमच्या हातचं. नीट घ्या हो. ती गेली असं एकदा छापून आलं की पुढच्या हिवाळ्याच्या, म्हणजे पुढच्या जून-जुलैच्या, यादीतून तिचं नाव उडेल. मेलेल्या वस्तूवर कोणी दुर्बिणीची वेळ घालवत नाही. मग खोटं असलं तरी तेच खरं, कारण तपासायला कोणी त्या बाजूला वळणारच नाही.

तुम्ही माझ्या लेकीचे धर्मबाप, तिचे पाद्रिनो, म्हणून तर आपण कोंपाद्रे-कोमाद्रे; तर आमांकायने पाद्रिनोला सांगायला सांगितलंय की तिचा पुढचा दात पडला. माझा फळा पुसू नका.

यास्ना


२४ जुलै

यास्ना,

फळा पुसलेला नाही. तुझं अक्षर असं आहे की पुसला काय, न पुसला काय.

आता नीट बसून वाच. हवा सुरेख होती. गेल्या पाच-सहा वर्षांत मी इतकी स्थिर हवा पाहिलेली नाही. तीन संध्याकाळी ओळीने चित्रं घेतली. आणि पोरी, धुळकी नाही. म्हणजे जिथे असायला हवी तिथे काहीतरी मळकट उरलंय, पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंही नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं.

मला आनंद झालेला नाही हे तुला सांगायला नको. नाव मी ठेवलं होतं. पण जे आहे ते आहे. ढग होता, फाटला. साहेबांचा फोन आला, ते इतके खूष की मला पहिल्यांदाच 'प्रिय निबाल्दो' म्हणाले. घाईने शोधनिबंध लिहायला घेतलाय. चित्रं मी घेतली म्हणून त्यात माझंही नाव घालणार आहेत.

मनाला लावून घेऊ नकोस. आठ वर्षांत तू जे शिकलीस ते कुठे जात नाही. आमांकायला सांग, दात उशीखाली ठेव, उंदीरमामा येऊन नाणं ठेवून जाईल.

निबाल्दो


३१ जुलै

कोंपाद्रे,

मनाला लावून घेऊ नकोस म्हणे! कोणाला शिकवताय? मी काय सोनसाखळी हरवलेली बाई आहे?

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा रडले. मग डोकं फिरलं. मग चिलीच्या वाट्याची जी थोडी वेळ उरली होती ती सगळी मागून घेतली. आपल्या जमिनीवर त्यांच्या दुर्बिणी उभ्या आहेत म्हणून आपल्या पदरात जो दहावा हिस्सा टाकतात, त्यातला या हंगामातला शेवटचा तुकडा. हवा वाईट होती, तारे नुसते लटपटत होते, सगळं मान्य. पण धुळकी होती! फिकट होती, पसरट होती, पण होती, आणि 'तिसरा हिस्सा' वगैरे मुळीच नाही.

आता मला एकच सांगा. आकाश कसं घेतलंत?

चिडू नका, मी धडा म्हणून दाखवते, तुमचाच धडा आहे. अवरक्तात आकाश स्वतःच तापलेलं असतं. म्हणून आधी धुळकीचं चित्र घ्यायचं, मग दुर्बीण बाजूच्या रिकाम्या जागी वळवून नुसत्या आकाशाचं घ्यायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. उरेल ते खरं. आणि ते नुसतं आकाश घेताना दुर्बीण दर वेळी जरा जरा हलवायची, म्हणजे चुकून एखादा तारा त्यात आला तरी पुसला जातो. नाहीतर त्याचीही वजाबाकी होते आणि चित्रात काळं भोक पडतं. हा धडा शिकवताना तुम्ही माझ्या हातावर फूटपट्टी मारायचीच बाकी ठेवली होतीत.

तर या वेळी हलवलीत का दुर्बीण?

यास्ना


७ ऑगस्ट

कोमाद्रे,

नाही हलवली.

साहेबांचा लेखी हुकूम आहे या हंगामात. आकाश एकाच ठरलेल्या जागी घ्या, हलवाहलवीत वेळ वाया घालवू नका, ती जागा रिकामी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि आहेच ती रिकामी. गेली कित्येक वर्षं सगळे तीच जागा वापरतात. तिथे काहीही नाही.

तू लटपटत्या हवेत घाईघाईने काढलेलं चित्र मला दाखवतेस? माझ्या विद्यार्थ्याने ते आणलं असतं तर मी त्याला कॉफी पाजून झोपायला पाठवलं असतं. यास्ना, तुला ती दिसावी असं वाटतंय म्हणून दिसते आहे. माणसाचं होतं असं. या डोंगरावर रस्ता नव्हता तेव्हापासून मी आकाश घेतोय. खेचरांवरून बॅटऱ्या आणल्या आहेत आम्ही. आणि आता तू मला विचारणार, हलवली का?

शोधनिबंध सप्टेंबरात जाहीर होणार. पुढच्या हिवाळ्याच्या यादीतून धुळकी काढली आहे, मी कच्ची यादी पाहिली. तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

माझंही वय झालंय. दर वर्षी कराराच्या कागदाकडे बघत बसायचं वय. मला साहेबांशी भांडण नको आहे. तुझ्याशीही नको आहे.

निबाल्दो


१४ ऑगस्ट

डॉन निबाल्दो,

हो, नुसतं आदबीचं डॉन. आज कोंपाद्रे लिहायला हात उठत नाही.

'तिथे काहीही नाही.' वा! हे वाक्य ऐकून ऐकून माझ्या घरातल्या चार पिढ्यांचे कान किटले आहेत. या वेधशाळेला जमीन दिली तेव्हा सरकारी नकाशावर काय लिहिलं होतं, ठाऊक आहे ना तुम्हाला? निर्जन. माझे आजोबा लामांचा कळप घेऊन याच डोंगराच्या पायथ्याने मीठ न्यायचे. त्यांनी रचलेले दगडांचे ढीग अजून आहेत, तुमची बस त्यांच्यावर धूळ उडवत जाते. नकाशा करणारा मोटारीतून खालीसुद्धा उतरला नसेल. लांबून बघितलं, कोणी दिसलं नाही, लिहून टाकलं. रिकामी जागा!

आणि तुम्ही? तुम्ही तर आमच्यातले. म्हणजे मला वाटत होतं तसं. 'साहेबांचा हुकूम आहे.' अहो, आकाश तुमचं की साहेबांचं? तीस वर्षांत कोणाच्या हुकमाने कधी आकाश घेतलंत? मी नवीन होते तेव्हा एका फ्रेंच माणसाने घाई करा म्हटलं, तर तुम्ही त्याला घुमटाबाहेर उभं केलं होतंत थंडीत! तो निबाल्दो उर्केता कुठे गेला?

तुमच्या चित्रातला डाग मी मोठा करून पाहिला. धुळकी फाटली असती तर तिची लांब शेपटी झाली असती. तसं काही नाही. मधूनच खणून काढल्यासारखी झाली आहे. म्हणजे काहीतरी वजा झालंय तिच्यातून. त्या तुमच्या 'रिकाम्या' जागी काहीतरी आहे, डॉन निबाल्दो, आणि या वर्षी धुळकी फिरत फिरत वजाबाकीत नेमकी त्याच्या सावलीवर येऊन बसली आहे.

तपासायला काय लागतं? एक संध्याकाळ. आकाश दुसऱ्या जागी घ्या, दुर्बीण हलवा, बस. माझ्याकडे वेळ नाही, चिलीचा हिस्सा संपला. उरलेली सगळी वेळ साहेबांची आहे आणि ती तुमच्या आठवड्यांत आहे. ऑक्टोबर उजाडला की आकाशगंगेचा मध्य सूर्यामागे चालला. मग पुढचा हिवाळा, आणि पुढच्या हिवाळ्यात तिचं नाव नाही.

मी हात जोडत नाही. मी सांगते आहे. करा.

यास्ना आयाव्हिरे


२८ ऑगस्ट

खण उघडला. तुमचं पत्र नाही. साखरेच्या पुड्या आणि एक जुनी पेन्सिल आहे.

टेबलाखाली पडलं असेल म्हणून टेबल हलवलं. स्वयंपाकघरात विचारलं. ते म्हणाले, डॉन निबाल्दो जेवायलाही कमीच यायचे, कोणाशी बोलत नव्हते. बोलणार कसे? तोंड कुठे आहे?

यास्ना


११ सप्टेंबर

उर्केता,

याही वेळी खण रिकामा. ठीक आहे. उत्तर मला टीव्हीवर मिळालं.

वर येण्याआधीच्या शुक्रवारी घरी रात्रीचं जेवण चाललं होतं. आमांकाय पाल्ताचा हिरवा गर पावावर थापत होती. बातम्यांत साहेब आले. कृष्णविवराने धुळीचा ढग गिळला, म्हणे. रंगीत चित्रात एक ढग आणि एक काळं तोंड, आणि तो ढग सुर्रकन आत! लहान मुलांना दाखवतात तसं. आणि खाली नावं. पाचवं नाव तुमचं. आमांकाय टाळ्या वाजवायला लागली, "मामी, पाद्रिनोचं नाव!" मी टीव्ही बंद केला. ती विचारत राहिली, मी काय चुकीचं बोलले?

काय सांगू तिला? तुझ्या पाद्रिनोला खरं काय ते तपासायला एक संध्याकाळ जड झाली, हे सांगू? आईने पत्रावर पत्र लिहिलं, त्याने उत्तर द्यायचंही टाळलं, हे सांगू?

आठ वर्षं मी त्या ठिपक्यामागे आहे. आमांकायचे वडील घर सोडून गेले तेव्हा मी वर होते, धुळकी बघत होते. माझी आई दवाखान्यात होती तेव्हाही. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. पण ज्या माणसाने मला तो ठिपका दाखवला त्यानेच तो पुसावा, आणि पुसून साहेबांकडून 'प्रिय निबाल्दो' म्हणवून घ्यावं, हे मला सहन होत नाही. चूक केलीत त्याचा राग नाही हो, चुका सगळे करतात. तपासली नाहीत त्याचा राग आहे! घाबरलात. कागदाच्या एका चिठोऱ्याला घाबरलात.

आठ डिसेंबरला देवळात आमांकायची पहिली कम्युनियन आहे. तिच्या शेजारी, तुमच्या जागी, उभं राहायला मी माझ्या भावाला सांगितलं आहे. तुम्ही येऊ नका. तिला जे सांगायचं ते मी सांगेन.

यापुढे खणात काही ठेवू नका. कामाचं असेल ते फळ्यावर लिहा.

यास्ना आयाव्हिरे


१८ सप्टेंबर

यास्ना,

खणातच ठेवतो आहे. फळ्यावर तुझी समीकरणं आहेत.

आज अठरा सप्टेंबर, राष्ट्रीय सण. खाली सगळा देश नाचतो आहे, इथे स्वयंपाकघरातून एम्पानादांचा वास येतो आहे, कोणीतरी दुपारपासून गिटार बडवतो आहे, आणि मी दार लावून तुला पत्र लिहितो आहे. तुझं मागचं पत्र वाचलं आणि फाडलं. मग तुकडे गोळा करून परत वाचलं. तुझ्या जिभेला हाड नाही, पोरी. माझ्या बापानेही मला भित्रा म्हटलं नव्हतं, आणि तो खाणकामगार होता, त्याचं तोंड काही गोड नव्हतं.

आता माझं ऐक. मध्ये बोलू नकोस.

तुझं ऑगस्टचं पत्र वाचून मी तीन दिवस नुसता धुमसत होतो. फ्रेंच माणसाची गोष्ट काढायची काही गरज नव्हती. चौथ्या संध्याकाळी मी साहेबांची यादी बाजूला ठेवली आणि आकाश दुसऱ्या जागी घेतलं. हलवून. हवा भिकार होती, काही धड कळेना. त्यातून धुळकी आहे असंही म्हणता येत होतं आणि नाही असंही. ते मी तुला लिहिलं असतं तर काय झालं असतं? तू छपरावर चढून ओरडली असतीस, साहेबांच्या कानावर गेलं असतं, आणि माझ्या हातातली उरलेली वेळही काढून घेतली असती. मला तू ठाऊक आहेस. म्हणून नाही लिहिलं.

पुढच्या खेपेला दोनदा घ्यायला बसलो. एक संध्याकाळ ढगांनी खाल्ली, एक मिळाली. तेव्हा कळलं. तरी नाही लिहिलं, कारण मला तिसऱ्यांदा पाहायचं होतं. एका चित्रावरून बोलायचं नाही, हा धडाही मीच शिकवला होता तुला, तो तुला सोयीस्करपणे आठवला नाही. या आठवड्यात तिसऱ्यांदा घेतलं. चारही बाजूंची वेगवेगळी आकाशं घेऊन.

धुळकी आहे. अख्खी आहे. गेल्या वर्षी होती तेवढीच उजळ, कणभरही कमी नाही. विवराच्या तोंडासमोरून गेली आणि मजेत पुढे निघाली. आत तारा आहे. असायलाच हवा. तुझं बरोबर होतं.

टीव्हीवरच्या त्या नावाचं. बातमीच्या आधी मी दोनदा कळवलं होतं की माझं नाव काढा, चित्रं पुन्हा तपासतो आहे. त्यांनी काढलं नाही. परवा मी सगळी चित्रं, जुनी आणि नवी, साहेबांना पाठवली. नुसती त्यांना नाही, त्या शोधनिबंधावर नाव असलेल्या प्रत्येक माणसाला, आणि छापणाऱ्यांनाही. छापणाऱ्यांनी काम थांबवलं आहे. दोघांनी आपली नावं मागे घेतली आहेत. टीव्हीवर अर्थात कोणी येऊन सांगणार नाही की ढग गिळला नव्हता. पण यादीत धुळकी परत आली आहे. मी आज सकाळी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

आता दोन गोष्टी, आणि दोन्ही ऐकून तुझा जळफळाट होणार आहे.

पहिली. त्या रिकाम्या जागी काय होतं? दुसरी धुळकी. मंद, उबदार, धुळीने माखलेली, अगदी हिची धाकटी बहीण शोभावी अशी. आखूड लहरींच्या कॅमेऱ्यात तिचा मागमूस नाही, लांब लहरींत हळूच दिसते. तिचीच सावली धुळकीतून वजा होत होती. आणि ती जागा रिकामी आहे असं पहिल्यांदा कोणी लिहिलं, हे मी शोधून काढलं. सगळे एकमेकांचा हवाला देतात, साहेब कोणाचा, ते अजून कोणाचा, असं मागे मागे जात गेलो. शेवटी आलो तुझ्या पीएच.डी.च्या प्रबंधापाशी. पान एकशे बारा. 'ही जागा पूर्णपणे रिकामी असून आकाशासाठी योग्य आहे.' धुळकी सापडायच्या आधीची गोष्ट, तेव्हा आपल्याकडे आखूड लहरींचाच कॅमेरा होता. तू लांबून बघितलंस, कोणी दिसलं नाही, लिहून टाकलंस. आणि खाली तपासणाऱ्याची सही माझी आहे.

दुसरी. साहेबांची वेळ परवानगीशिवाय वापरली म्हणून माझा करार पुढे चालवायचा नाही असं ठरलं आहे. पुढचा आठवडा माझा शेवटचा. तीन ऑक्टोबरच्या बसने खाली उतरेन, मग परत वर नाही. हे होणार हे मला पहिल्या संध्याकाळीच ठाऊक होतं. म्हणून म्हणतो, भित्रा म्हणताना जरा माहिती घेत जा.

माफी मागू नकोस. मागितलीस तर तेही पत्र फाडीन, आणि या वेळी तुकडे गोळा करणार नाही. मी रागावलो आहे आणि मला थोडे दिवस रागावलेलं राहू दे. कम्युनियनला तुझा भाऊ उभा राहणार असेल तर उभा राहू दे. मी मागच्या बाकावर बसेन. देवळातून मला काढायला तू काही पाद्री नाहीस.

निबाल्दो


२५ सप्टेंबर

कोंपाद्रे,

माफी मागत नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे. मलाही राग आलाय म्हणून.

पहिला राग माझा माझ्यावर. पान एकशे बारा काढून वाचलं. माझंच वाक्य. 'पूर्णपणे रिकामी.' पूर्णपणे! किती रुबाबात लिहिलंय मेलीने! आजोबांच्या दगडांवरून तुम्हाला एवढं सुनावलं, आणि तो मोटारीतून खाली न उतरलेला नकाशावाला कोण, तर मी. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. स्वयंपाकघरातले म्हणाले, ही आता डॉन निबाल्दोंसारखी झाली.

दुसरा राग तुमच्यावर. करार जाणार हे ठाऊक असताना मला एका ओळीने कळवलं नाहीत? एका ओळीने? 'करतो आहे, गप्प बस.' एवढंच लिहायचं होतं. मी गप्प बसले नसते, हे खरं आहे. पण ते पत्र तरी लिहिलं नसतं. भित्रा म्हटलं त्या माणसाला, जो तेव्हा इथेच या खुर्चीत बसून माझ्यासाठी आपली खुर्ची घालवत होता. हे आता मी कुठे ठेवू? माफी मागू नकोस म्हणता, म्हणजे ते ओझं माझ्याच डोक्यावर ठेवायचा तुमचा डाव आहे. मला कळतो तुमचा डाव.

तिसरा राग साहेबांवर, पण त्याला हे पान पुरायचं नाही. त्यांना वेगळं लिहिलं आहे, आणि इंटरनेटवरच लिहिलं आहे, म्हणजे कचेरीतल्या सगळ्यांना वाचता येईल. त्यात स्पष्ट म्हटलंय की जागा रिकामी आहे ही चूक माझी, हलवू नका हा हुकूम त्यांचा, आणि शिक्षा तिसऱ्यालाच, हे कुठलं गणित? इथल्या अकरा जणांनी खाली सह्या केल्या. तुमचा करार परत येईल असं मला वाटत नाही. पण त्यांना झोप तरी नीट लागू नये.

पुढच्या हिवाळ्यात धुळकी परत दिसेल. तिची धाकटीही. दोघींना बघायला मी असेन, आणि आकाश घ्यायला कोणीतरी नवीन माणूस असेल, त्याला मी फूटपट्टी घेऊन शिकवीन. तुमचा धडा आहे, तुमच्याच पद्धतीने.

आता मुद्द्याचं. तीन तारखेला तुमची बस खाली येईल. मी माझ्या बसने वर येणार नाही, माझ्या गाडीने येणार आहे. आमांकायला शाळेतून काढते एक दिवस. तिला फोनवर सगळं सांगितलं. भित्रा म्हटलं तेही सांगितलं. ती माझ्याशी कालपासून बोलत नाही, आणि म्हणते कम्युनियनला मामा नको, पाद्रिनो पाहिजे, नाहीतर ती पांढरा झगाच घालणार नाही. तुमच्यावर गेली आहे.

बसवाला सेल्सो म्हणतो, वाकड्या वळणावर बस थांबवायचा नियम नाही. मी म्हटलं, मग मी रस्त्याच्या मधोमध उभी राहते, बघू तुझा नियम काय म्हणतो. त्या दिवशी तोंड उघडं टाकून झोपू नका. बस थांबली की खाली उतरा. इतकी वर्षं कागदावर भांडलो, आता एकदा समोर उभं राहून भांडायचं आहे मला, घसा बसेपर्यंत. मग तिघं मिळून पाव खाऊ, पाल्ता आणते आहे.

जागा ओळखायला सोपी आहे. डावीकडे आजोबांच्या दगडांचा एक ढीग आहे. नकाशावर तिथे काहीही नाही असं लिहिलंय. आम्ही दोघी तिथे असू.

यास्ना